आईच्या कपाटाची पाठ

आत्या आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा तिचे कपडे, औषधं आणि डोक्याखालची उशी एवढं सगळं एका लहानशा बॅगेत मावलं होतं. बाकीचा टेम्पो भरला होता तो गाण्याच्या यंत्रांनी. रेकॉर्ड प्लेअर, ट्यूनर, कॅसेट डेक, दोन उंच स्पीकर, रेकॉर्डची खोकी, आणि सगळ्यांत शेवटी, दोन हमालांनी मिळून उतरवला तो अँप्लिफायर. तो उतरवताना आत्या स्वतः टेम्पोत चढली होती. आडवा करू नका, आपटू नका, पोटाखाली हात घाला, असं ती सांगत होती आणि हमाल एकमेकांकडे बघून हसत होते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नर्स होती, शेवटची काही वर्षं मेट्रन. नर्सेसच्या वसतिगृहात तिला एक खोली होती आणि तेच तिचं घर. निवृत्त झाल्यावर ती खोली सोडावी लागली, तेव्हा बाबांनी तिला आग्रहाने बोलावून घेतलं. आईनेही मनापासून हो म्हटलं होतं. फक्त नणंद येणार म्हणजे नणंदच येणार, असं तिला वाटलं होतं. टेम्पो बघून ती दारातच थांबली आणि मग चहा टाकायला आत गेली.

आमचं घर लहान होतं आणि आईने ते आरशासारखं ठेवलेलं होतं. धुळीशी तिचं जुनं वैर होतं. तिच्या शिवणयंत्रावर दर वर्षी नवी कव्हरं तयार व्हायची. रेडिओला कव्हर, मिक्सरला कव्हर, टेलिफोनला झालरीचं कव्हर. आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना कव्हर आहे, असं बाबा म्हणायचे. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. त्यामुळे यंत्रं कशी लावायची हे त्यांनीच ठरवलं. जड खाली, हलकं वर. सगळ्यांत खाली अँप्लिफायर, त्यावर ट्यूनर, त्यावर डेक आणि शेंड्यावर रेकॉर्ड प्लेअर. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात एका बुटक्या टेबलावर हा डोलारा उभा राहिला.

त्या संध्याकाळी आत्याने पहिली रेकॉर्ड लावली. मी तेव्हा सातवीत होते. तोपर्यंत आमच्याकडे गाणं म्हणजे स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ, ज्यातून प्रत्येक गायकाला सर्दी झाल्यासारखं वाटायचं. इथे मात्र गाणारी बाई सूर लावायच्या आधी श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला. मी दचकून मागे बघितलं. बाबा चष्मा काढून बसले. आई हात पुसत दारापर्यंत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली की आवाज जरा मोठा नाही का. पण ती लगेच आत गेली नाही, हे मला आठवतं.

दोन-चार दिवसांनी खोड्या सुरू झाल्या. ऐन गाण्यात कुठेतरी 'टक' असा आवाज व्हायचा आणि सगळं गप्प. रेकॉर्ड फिरते आहे, दिवा लागलेला आहे, पण स्पीकरमधून काही नाही. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू. पहिल्या वेळी आत्याला वाटलं की आईने आतून मेन स्विच खालीवर केला. आईला वाटलं की आपण 'आवाज मोठा' म्हटल्याचा ताईंना राग आला आणि त्यांनी बंद केलं. दोघी एकमेकींना काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवताना भांड्यांचाच आवाज जास्त झाला.

मग चौकातल्या रेडिओवाल्याला बोलावलं. बोलघेवडा माणूस. त्याने फ्यूज बदलला, विजेच्या खात्याला नावं ठेवली, चहा घेतला आणि गेला. पुन्हा तेच झालं तेव्हा येऊन त्याने वायरला दोष दिला, चहा घेतला आणि गेला. तिसऱ्यांदा त्याला बोलवायचं का यावर चर्चा चालू असताना आत्या उठली. आईने त्या डोलाऱ्याला नुकतंच एक भरतकामाचं कव्हर शिवलं होतं, मागची बाजू आणि दोन्ही कडा झाकणारं. आत्याने ते वर केलं, ट्यूनर आणि अँप्लिफायर यांच्या मधल्या चिरेत हात घातला, आणि मग अँप्लिफायरच्या अंगाला पालथा हात लावला. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा, अगदी तसा.

"याला ताप आहे," ती म्हणाली.

झालं होतं असं, की अँप्लिफायरच्या झाकणाला जाळीच्या फटी होत्या. आतली ऊब बाहेर पडायची वाट तीच. आम्ही तिच्यावर ट्यूनर ठेवला होता, त्यावर डेक, त्यावर प्लेअर आणि सगळ्यांवर आईचं कव्हर. बिचाऱ्याचा जीव गुदमरला की तो आवाज बंद करून पडून राहायचा आणि जरा निवला की पुन्हा उठायचा. बाबांचा चेहरा पडला. जड खाली ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा होती. आत्याने सगळं उतरवून उलटं रचलं. डेक खाली, त्यावर ट्यूनर, आणि मध्ये लाकडी ठोकळे ठेवून सगळ्यांच्या वर अँप्लिफायर, डोक्यावर काहीही नाही. रेकॉर्ड प्लेअरसाठी वेगळं टेबल आणलं. भिंतीपासून सगळं हातभर पुढे ओढलं. कव्हर तिने नीट घडी करून आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, फार सुंदर भरलंयस, मी माझ्या उशीला वापरू का? आई हो म्हणाली. पण कव्हरासारखं कव्हर उशीला गेलं, हे तिला लागलं असावं.

'टक' बंद झालं. पण अँप्लिफायरचं मोकळं, उबदार डोकं आमच्या बोक्याला सापडलं. थंडीचे दिवस होते. गाणं सुरू झालं की तो कुठूनही यायचा आणि जाळीवर अंग पसरून द्यायचा. आत्या त्याला उचलून खाली ठेवायची, तो पाठ फिरली की वर. त्याचे केस फटींतून आत जायचे. आत्या रंगाच्या मऊ ब्रशने ते काढत बसायची आणि त्याच्याशी वॉर्डातल्या हट्टी पेशंटशी बोलावं तसं बोलायची. घरात एक नवीन काम सुरू झालं होतं. गाणं जरा लांबलं की आतून कुणीतरी म्हणायचं, "ताप बघ गं." आणि मी जाऊन झाकणाला हात लावून यायचे.

आता अडचण जागेची झाली. बाहेरच्या खोलीचा अर्धा कोपरा यंत्रांनी खाल्ला होता, वायरी सगळ्यांच्या पायात येत होत्या, आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढलेल्या टेबलामागे आईचा झाडू पोचत नव्हता. त्यात मावशी येणार असं कळलं. मावशीचं घर म्हणजे आईच्या लेखी घराचा नमुना होता. आईने कधी तिची बरोबरी केली नाही, पण मावशीने नाक मुरडलेलंही तिला चाललं नसतं.

त्या खोलीत आईचं कपाट होतं. काचेच्या दारांचं, उंच, तिच्या वडिलांनी तिला दिलेलं. ते लाकडाच्या वखारीत कारकून होते आणि एकाच झाडाच्या फळ्या त्यांनी वर्षभर बाजूला काढून ठेवल्या होत्या, आईच्या लग्नाच्या आधी. कपाटाच्या पाठीला लोक हलकं लाकूड लावतात, कारण ती भिंतीकडे असते, कुणाला दिसत नाही. माझ्या आजोबांनी पाठही त्याच लाकडाची करून घेतली होती. माहेरहून आईने जे काही आणलं त्यातलं तेवढंच उरलं होतं. त्यात निळ्या काठाच्या बशा असायच्या, ज्यांत कधी कुणी काही खाल्लं नाही.

मावशी यायच्या आदल्या दिवशी आईने स्वतःच त्या बशा खालच्या कप्प्यात हलवल्या आणि वरचे कप्पे रिकामे केले. तिच्या दृष्टीने हे फार मोठं पाऊल होतं. ती आत्याला म्हणाली की ताई, यंत्रं इथे ठेवू या का, काचेतून दिसतीलही छान आणि धूळही बसणार नाही. आत्याने कपाटात डोकावून बघितलं. पाठीच्या फळीवर हात फिरवला. आतल्या कप्प्यांच्या उंचीचा अंदाज घेतला. आत वारा कुठून येणार, असं काहीतरी ती बोलायला लागली, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

"ठेवू या," ती म्हणाली. "घर तुझं आहे."

ती चिडून म्हणाली नव्हती. पण ते वाक्य त्या खोलीत तसंच राहिलं.

मावशी आली, तिने कपाटाचं कौतुक केलं, यंत्रांचंही केलं आणि गाणं ऐकायचा आग्रह धरला. आत्याने रेकॉर्ड लावली आणि कपाटाची काचेची दारं उघडी ठेवली. मावशी म्हणाली की बंदच छान दिसतात. आईने ती लावून घेतली. एक रेकॉर्ड झाली, दुसरी झाली. मावशी गप्पांत रंगली. तिला तिसरी हवी होती. आत्या खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि तिचं लक्ष गप्पांत नव्हतं. मध्येच ती उठली. त्याच क्षणी मला वास आला. जळक्या रबराचा आणि गरम धुळीचा. काचेच्या आत एक बारीक धुराची रेघ वर गेली आणि गाणं मधल्या शब्दावर थांबलं. या वेळी 'टक' झालं नाही.

आत्याने भिंतीतली पिन ओढून काढली आणि दारं उघडली. मावशीने विचारलं काय झालं, तर ती म्हणाली काही नाही, जुनं झालंय. मग तिने सगळ्यांना चहा ओतून दिला. कपाला कप लागून आवाज झाला नाही, इतका तिचा हात स्थिर होता. आईला ती काहीच बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. बोलली असती तर आईला सोपं गेलं असतं.

रेडिओवाला या वेळी चहाला थांबला नाही. झाकण उघडून त्याने आत बघितलं आणि मान हलवली. आतले मुख्य भाग गेले होते, ते बाहेरगावाहून मागवावे लागतील, आले तर आले. वाचला तरी पुन्हा असं झालं तर काही खरं नाही, असंही सांगून गेला. अँप्लिफायर गोणपाटात गुंडाळून तो घेऊन गेला आणि कपाटात त्याच्या जागी एक चौकोनी रिकामी जागा उरली. आईने तिथे बशा परत लावल्या नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात सगळे फार नम्र झाले. ताई, तुम्ही आधी घ्या. नाही गं, तू घे. आई आणि आत्या एकमेकींना वाट देऊन देऊन दमायच्या. आत्या सकाळ-संध्याकाळ लांब फिरायला जायला लागली. बोका कपाटासमोर बसून राहायचा. बाबा मृदंगासारखे मध्ये होते, पण वाजवायलाही कुणी नव्हतं.

बाबांच्या पोटात काही राहत नसे. आत्याने त्यांना निक्षून सांगितलं होतं की हिला बोलू नकोस, आणि म्हणून त्यांनी ते आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. निवृत्त नर्सेससाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक निवास होता. तिथे लवकरच एक खोली रिकामी होणार होती. आत्याने अर्ज केला होता. खोली बघायला सोबत चल, असं तिने बाबांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन तिथेच होते. आईने मान वर न करता विचारलं, "ताई, तुम्ही जाणार म्हणे."

आत्याने बाबांच्या नावाने एक सुस्कारा सोडला. "जागा चांगली आहे ती. तुमची बाहेरची खोलीही मोकळी होईल."

"माझ्यामुळे ना?"

"तुझ्यामुळे काही नाही गं. मला दुसऱ्याच्या घरात राहायची सवय नाही, एवढंच." तिने आणखी चार शेंगा सोलल्या. नंतर ती आपणहून बोलायला लागली, शेंगांकडे बघत. "ड्युटीवर दिवसभर हाका असतात बघ. सिस्टर इकडे, सिस्टर तिकडे. आणि खोलीवर आलं की एक हाक नाही. सुरुवातीला मी दाराबाहेरच उभी राहायचे, कुलूप हातात घेऊन. आत जायला नको वाटायचं. मग पहिल्यांदा रेडिओ घेतला. मग एकेक करत हे सगळं. आल्या आल्या गाणं लावायचं आणि मग चपला काढायच्या. वाटायचं, घरात कुणीतरी आहे."

आईच्या हातातली शेंग केव्हाच रिकामी झाली होती आणि ती तीच सोलत होती.

खोली बघायला जायचा दिवस ठरला. बाबांनी रजा टाकली. आदल्या संध्याकाळी आईने त्यांना स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं आणि मला कळलं नाही असं बराच वेळ काहीतरी चाललं होतं. कचेरीत शेकडो नळांचे नकाशे काढलेल्या माझ्या बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा घरातल्या वस्तूचा नकाशा काढला. दुसऱ्या दिवशी ते आणि आत्या निघाले. रिक्षा वळली तशी आईने पदर खोचला आणि मला सुताराला बोलवायला पाठवलं.

सुतार वयस्कर होता, हळू बोलणारा. त्याने आणि आईने मिळून कपाट भिंतीपासून ओढलं आणि त्याने पाठीवर बोटांनी टकटक केलं. मग तो मागे सरला. म्हणाला, बाई, पाठीला असं लाकूड आता कुणी लावत नाही. हे कापायचं म्हणता? आई म्हणाली कापायचं. त्याने विचारलं की साहेबांना माहीत आहे ना. आईने नकाशा त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, दुसरी एक साधी मांडणी करून देतो, चार पायांची, मागून उघडी, ती बरी पडेल. आई म्हणाली की मांडणी ठेवायला या खोलीत जागा नाही. मग तिने आवाज खाली आणला.

"कापा," ती म्हणाली. "आज संध्याकाळच्या आत."

मी निळ्या बशा जुन्या चादरीत एकेक करून गुंडाळत होते आणि त्या पलंगाखालच्या पेटीत ठेवत होते. करवत सुरू झाली. खोलीभर ताज्या लाकडाचा वास पसरला. इतक्या वर्षांनी कापलं तरी आत लाकूड ताजंच होतं. आई समोर उभी होती, हाताची घडी घालून. मध्ये मध्ये सुतार थांबून तिच्याकडे बघायचा, अजून विचार करायचा असेल तर करा असं नजरेने सांगायचा, आणि ती मानेनेच पुढे म्हणायची. आपल्या वडिलांबद्दल ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. पाठीची वरची अख्खी फळी निघाली तेव्हा तिने ती स्वतः उचलून भिंतीला टेकवून ठेवली, आणि थोडा वेळ तिच्यावर तळवा ठेवून उभी राहिली. मग झाडू घेतला आणि भुसा गोळा करायला लागली.

सुताराने कप्प्यांच्या सलग फळ्या काढून त्यांच्या जागी पट्ट्या ठोकल्या, मध्ये मध्ये बोटभर फट ठेवून, म्हणजे खालची हवा वर जाईल. तळाला पुढून एक चीर पाडली, गार हवा आत यायला. हे सगळं बाबांच्या नकाशात होतं. वरचा कप्पा सगळ्यांत उंच ठेवला, अँप्लिफायरच्या डोक्यावर चांगली मोकळीक राहील असा.

बाबा आणि आत्या आले तेव्हा सुतार हत्यारं आवरत होता. आत्या दारातच थांबली. कपाट अजून तिरकं उभं होतं आणि त्याच्या काचेतून, आरपार, मागची भिंत दिसत होती.

"हे काय करून बसलीस?" ती म्हणाली.

"अँप्लिफायर आला की ठेवणार कुठे होतात?"

"अगं, पण हे तुझ्या वडिलांचं..."

"त्यांनी वापरायला दिलं होतं." आईने सुताराला पाणी दिलं आणि मग आत्याकडे वळली. "खोली बघून आलात ना? कशी आहे?"

आत्या कपाटापाशी गेली. जिथे पाठ होती तिथून तिने हात आत घातला आणि पट्ट्यांवरून फिरवला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वॉर्डातल्यासारखाच होता.

"अंधारी आहे," ती म्हणाली. "मला नाही आवडली."

बाबांनी तोंड उघडलं. ती खोली चांगली दक्षिणेच्या खिडकीची, लख्ख उजेडाची होती, हे त्यांनी मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्या वेळी मात्र त्यांनी तोंड मिटलं आणि कपाट भिंतीपासून हातभर अंतर ठेवून लावायला सुताराच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

अँप्लिफायर थोड्या दिवसांनी बरा होऊन आला. रेडिओवाल्यानेच सुचवलं की वरच्या कप्प्यात मागे एक छोटा पंखा बसवावा, गरम हवा बाहेर ओढणारा. एका मोडीत काढलेल्या यंत्रातला तळहाताएवढा पंखा त्याने आणला आणि बसवला. पण तो इतका भुणभुणायचा की हळुवार गाण्यात मधमाशी शिरल्यासारखं वाटायचं. आत्या सहन करत होती. तक्रार केली ती आईने. रेडिओवाल्याला पुन्हा बोलावून ती म्हणाली की याला इतकं पळायची गरज काय, चालू दे की सावकाश. त्याने पंख्याला कमी वीज मिळेल असं काहीतरी केलं, आणि मग तो गोगलगायीसारखा, आवाज न करता फिरायला लागला. तेवढ्यानेही पुरत होतं. झाकण कोमट राहायचं, त्याहून गरम कधी झालं नाही.

आत्या मग शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. माझ्या त्या घरातल्या उरलेल्या सगळ्या दुपारी गाण्याच्या आहेत. शाळेतून, मग कॉलेजातून, मग नोकरीवरून येताना जिन्यातच कळायचं की आज कुणाची पाळी आहे. आत्या संथ, लांब चालणारी गाणी लावायची. आईने आधी वर्षभर 'मला त्यातलं काही कळत नाही' असं म्हणत ऐकलं, आणि मग एक दिवस आपणहून जाऊन एक रेकॉर्ड काढली, ठेक्याची, जरा उडती. आत्याने भुवया वर केल्या. तेव्हापासून दोघींची पाळी ठरली. उन्हाळ्यात भर दुपारी यंत्रं बंद ठेवायची आणि ऊन उतरल्यावर लावायची, हा नियमही दोघींनी मिळून केला. बाबांनी एकदा गारव्यासाठी खिडकीत ओली चादर टांगली तर दोघी एकदमच त्यांच्यावर ओरडल्या, की यंत्रांच्या जवळ पाणी आणता का. बाबा खूश झाले. इतक्या दिवसांनी आपल्यावर दोघी मिळून ओरडल्या, असं ते कौतुकाने सांगायचे.

कापून निघालेली फळी आईने वाया घालवली नाही. तिची स्वयंपाकघरात मांडणी झाली, आणि तिच्यावर डबे बसले. लाकूड इतकं घट्ट होतं की खिळा ठोकताना सुताराला घाम फुटला होता.

आता आई नाही, आत्या नाही, बाबाही नाहीत. ते घर दुसऱ्या कुणाचं झालं. मी ऐकते ती गाणी खिशातल्या फोनमधून येतात, आणि फोन तापला तर मी तो नुसता बाजूला ठेवते. पण त्या घरातली एक दुपार मला वरचेवर आठवते. माझी मुलगी चार-पाच वर्षांची असेल. आत्या बरीच थकली होती, आईचेही केस पांढरे झाले होते. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि माझी मुलगी कपाटाच्या मागे शिरून, यंत्रांच्या मधून आमच्याकडे बघत होती.

तिने तिथूनच विचारलं, "आजी, तुझ्या कपाटाला पाठ का नाही?"

मी आईकडे बघितलं. आई हातातलं विणकाम सोडवत होती. तिने अजिबात वेळ घेतला नाही.

"वाळवी लागली होती गं," ती म्हणाली. "कापूनच टाकावी लागली."

मी काहीतरी बोलायला गेले, पण समोरून बाबांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. स्वयंपाकघरातली ती फळी मला जिथे बसले होते तिथून दिसत होती, डब्यांच्या ओझ्याखाली जराही न वाकलेली.

आत्याने डोळे मिटलेले होते. गाणं ऐकत असेल असं मला वाटलं होतं.

"फार वाळवी," ती म्हणाली. "पार पोखरली होती."